न झिजलेला डोळा

काकासाहेब म्हनलं की तुमाला वाटंल कोनी फेटेवाला, साखर कारखान्याचा डायरेक्टर असंल. तसलं काय न्हाई. आमच्या जिल्ह्यात पोरगं पाळन्यात असतंय तवाच त्याचं नाव काकासाहेब न्हाई तर आबासाहेब ठेवून मोकळे होत्यात, मंग पुढं ते टेम्पो चालवू दे न्हाई तर भेळ इकू दे. आमचे काकासाहेब फिटर हायेत, स्वेटर विनायच्या मशीनचे. नगरला केडगावात ऱ्हात्यात आन् आमच्या राजूरला एस्टीनं येत्यात. संगमनेरला गाडी बदलायची, आमच्या तालुक्याच्या अकोल्यात परत बदलायची, मंग घाट चढून राजूर.

त्या दिवशी ते शेवटचे येनार हुते. म्हनून सकाळधरनं माझं टकुरं फिरलेलं. चहा उतू गेला तर चहाला शिव्या, चप्पल सापडंना तर चपलेला शिव्या. शेवटचे का, ते आधी नीट सांगते, न्हाई तर तुमी मधीच विचाराल आन् मला मधी बोललेलं खपत न्हाई.

राजूरला बाजारतळाच्या मागं आमचं महिला मंडळाचं युनिट हाय, पत्र्याच्या शेडमधी. डोंगरातल्या आश्रमशाळांच्या पोरांची स्वेटरं आमी करतो, निळी आन् मरून. मोटारीवरची चार मशीनं आन् चार बाया. मशीन म्हंजे लांबलचक लोखंडी पाट, त्यात सुयांची रांग, आन् वरनं एक जड डबडं इकडून तिकडं पळतंय, त्याला आमी घोडा म्हनतो. घोडा पळतो तशी लोकर सुयांत पडती आन् खाली कापड उतरत जातं. पन लोकर सुईतच पडायची तर तिला कुनी तरी वाट दावाया पायजे. ते काम डोळ्याचं. डोळा म्हंजे करंगळीच्या नखाएवढी पोलादी कडी. तिच्यातनं दोरा ववायचा, मंग तो जिथं पायजे तिथंच उतरतो.

आता मजा बगा. लोकर केवढी मऊ. पन तीच लोकर दिवसभर त्याच जागेवरनं पळती आन् पोलादाला खाच पाडती. खाच पडली की दोरा अडतो, पिंजतो, तुटतो, स्वेटरावर आडवी रेघ उठती आन् शाळेचे सर माल परत लावत्यात. मंग डोळा बदलायचा. आन् हा पोलादी डोळा घोड्यावरच्या दांड्यात ठोकून बसवलेला असतोय. दांडा सोडा, डोळा ठोकून काढा, नवा ठोका, मंग दांडा परत आवळताना सुई आन् डोळा ह्यांच्या मधी पोस्टकार्ड जाईल एवढीच फट ठेवा. फट वाढली तर दोरा सुटला, कमी झाली तर सुया कडाकडा मोडल्या. आमच्यातल्या एकीनं एकदा सोता करून बगितलं आन् अर्ध्या पाटाच्या सुया गेल्या. तवापासनं डोळा गेला की नगरला फोन, आन् एक-दोन दिवसांत काकासाहेब हजर.

फोन लावायची ती रुचाताई. संस्थेनं युनिटवर मॅनेजर म्हनून ठेवलेली पोरगी. नगरची, शिकलेली, वयानं माझ्या लेकीएवढी. गुनाची हाय, उगा नाव ठेवनार न्हाई. पन तिनंच मोबाईलवर शोधून लुधियान्याहून नव्या तऱ्हेचे डोळे मागवले. पांढरे, चिनीमातीचे, मागं खटका असलेले. दांडा तेवढा एकदा बदलायचा, मंग डोळा झिजला की टिचकीनं काढायचा आन् टिचकीनं घालायचा. ठोकायला नको, फट मोजायला नको, फिटर नको. डबाभर डोळे फळीवर ठेवायचे, जिला लागंल तिनं घ्यायचा. तिनं आमाला व्हिडिओ बी दावला. त्यात कोन एक बाई हसत हसत डोळा बदलती. मला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं.

"मनकर्णामावशी, आता आपलं कुणावाचून अडणार नाही," रुचाताई खुशीत म्हनली.

"व्हय," मी म्हनलं. "आता कुनावाचूनच न्हाई."

तर एकदाचे हे दांडे बदलून द्यायला काकासाहेब येनार, आन् त्याच्यामागं त्यांचं राजूरला काय काम उरनार न्हाई. हा मानूस मला परत दिसनार न्हाई, एवढीच काय ती गोष्ट.

आन् मला तो दिसाया पायजे. झालं, सांगून टाकलं. पन्नाशी उलटल्यावर हे काय थेर, असं कुनाला म्हनायचं असंल तर खुशाल म्हना. माझा नवरा ट्रकवर हुता. घोटीच्या पुढं गाडी पलटी झाली, त्यात गेला, त्याला लई वर्सं झाली. पोरगी संस्कृती, ती सिन्नरला दिली, तिचं बरं चाललंय. मी माझं कमावते, माझं खाते, कुनाच्या दारात जाऊन बसत न्हाई. मला कशाची कमी न्हाई असं मी चारचौघीत ठासून सांगायचे, आन् ते खरं बी हुतं. काकासाहेब मशीनं बसवायला आले आन् ते खरं ऱ्हाईलं न्हाई.

त्यांच्यात असं काय हाय, हे बनुबाईनं मला लई येळा विचारलंय. बनुबाई माझ्या शेजारच्या मशीनवर बसती. जिभेला हाड न्हाई. "टक्कल पडलंय, दात पुढं हायेत, बोलाया सांगावं तर तोंडात मिठाची गुळनी. काय बगितलंस ग बाई त्यांच्यात?"

आता तिला काय सांगू? मशीन बिघडलं की दुसरा फिटर आधी पाना काढतो. काकासाहेब हात लावत न्हाईत. मान एका अंगाला करत्यात, डोळे मिटत्यात आन् ऐकत्यात. "चालवा," म्हनत्यात. "चालवा अजून." सगळं शेड गप होतं. मशीन आपलं खडखडत ऱ्हातं, आन् ते मधीच हळू आवाजात म्हनत्यात, "दमानं ग, दमानं, कळलं मला." आन् खरंच कळलेलं असतं. माझं तसं कुनी कवा ऐकून घेतलं न्हाई. बापानं न्हाई, नवऱ्यानं न्हाई. सगळे म्हनत्यात मनकर्णा लई वरडून बोलती. वरडून न्हाई बोलनार तर काय करनार?

पन माझं दैवच दळभद्री. मशीनं बसवून झाल्यावर ते माझ्या मशीनपाशी कवा थांबलेच न्हाईत.

त्याला कारन मीच. लोकरीच्या कोनावर, म्हंजे दोरा गुंडाळलेल्या सुळक्यावर, मेनाची चकती ठेवायची असती. दोरा तिला घासून पुढं गेला की गुळगुळीत होतो आन् डोळा झिजत न्हाई. हे काकासाहेबांनीच पहिल्या दिवशी आमाला शिकवलं. बाकीच्या बायांनी चार दिवस केलं, मंग कंटाळल्या. बनुबाईच्या कोनावर चकती दिसली तर नवलच, तिचे कोन जमिनीवर लोळत असत्यात, धूळमाती सगळी दोऱ्याबरोबर डोळ्यात. मी मात्र चकती एक दिवस चुकवली न्हाई. त्यांनी सांगितलं म्हनल्यावर चुकवनार कशी? कोन झटकायचा, चकती फिरवायची, दांडा पुसायचा, मंगच मशीन चालू. माझा डोळा बसवला तसाच्या तसा ऱ्हाईला.

मंग व्हायचं काय, तर दर खेपंला काकासाहेब यायचे आन् बनुबाईच्या मशीनपाशी बैठक मारायचे. निम्मा दिवस तिथंच. मी शेजारनं त्यांची पाठ बगत बसायची. जाता जाता माझ्या मशीनवर एक नजर टाकायचे, म्हनायचे, "तुमच्याकडं काय काम न्हाई, मनकर्णाबाई. लई बेस ठेवलंय." आन् चालले. ते "लई बेस" मी घरी घेऊन जायचे आन् पुरवून पुरवून वापरायचे. ते संपलं की माझी मलाच चीड यायची. चांगलं ठेवलं त्याची ही शिक्षा व्हय?

त्यात आमच्यात एक रीत पडलेली. ज्या बाईचं मशीन बिघडलं, त्या दिवशी फिटरची भाकर तिच्या घरची. कुनी पाडली म्हाईत न्हाई, पन मोडली कुनी न्हाई. म्हंजे बनुबाई आळशी, बनुबाईचा डोळा झिजतो, आन् काकासाहेब बनुबाईच्या हातची करपट भाकर खात्यात. खाता खाता कवा तरी दोन शब्द बोलत्यात, ते बी तिच्याशी. बायको वारली, एकच पोरगा, तो पुन्याला नोकरीला, हे सगळं मला बनुबाईकडनं कळलेलं. मी शेजारी घोडा पळवत, मनातल्या मनात भाकर थापत बसलेली. आन् माझ्या नागलीच्या भाकरीला राजूरात तोड न्हाई. हे मी न्हाई म्हनत, लोक म्हनत्यात.

"येडे, चकती काढून ठेव की," बनुबाई एकदा म्हनली. "बगता बगता डोळा जाईल. मंग बसव त्याला समोर आन् घाल पोटभर खायला."

मी तिच्या अंगावर खेकसले. आन् दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेडमधी जाऊन चकती काढली. घोडा चालू केला. कोरडा दोरा डोळ्यातनं किर्र किर्र करत जाया लागला. माझ्या दातात शिरशिरी आली. वाटलं, बंद करावं. वाटलं, न्हाई, चालू दे, बनुबाईचं चालतं तर माझं बी चालू दे. पन हात ऐकंना. मशीन बंद केलं, चकती परत ठेवली, डोळा तेलाच्या फडक्यानं पुसला. "मुडद्या, तुझा काय दोष," असं त्यालाच म्हनलं, आन् बनुबाई यायच्या आत तोंड धुऊन घेतलं.

तर तो शेवटचा दिवस. बाजार हुता. चारी मशीनं खोलायची म्हंजे माझं बी खोलायचं, आन् रीतीनं मला भाकर न्यायचा हक्क आलेला. उजाडायच्या आधी चूल पेटवली. नागलीच्या भाकरी, वालाची उसळ, लसनाची चटनी. फडक्यात बांधून गाठोडं मशीनच्या खाली ठेवलं आन् कामाला लागले. आज तरी म्हनलं खातील माझ्या हातचं.

काकासाहेब आले, नेहमीसारखे. आल्या आल्या बनुबाईच्या मशीनला लागले. मंग दुसरं, मंग तिसरं. जेवायची येळ झाली तशी हॉटेलचं पोरगं पिशव्या घेऊन दारात.

"आज काकांचा शेवटचा दिवस ना," रुचाताई म्हनली, "म्हणून मी सगळ्यांसाठी थाळ्या सांगितल्यात. तुम्हाला कुणाला त्रास नको."

पोरीनं मायेनं केलेलं, तिला काय बोलू? मी माझं गाठोडं पायानं आत सारलं आन् पनीर चिवडत बसले. काकासाहेब बी चिवडतच हुते. त्यांना ते आवडलं न्हाई हे मला कळत हुतं. पन उठून "माझ्याकडं भाकर हाय" एवढं म्हनायचं मला झालं न्हाई. एरवी माझं तोंड बंद होत न्हाई. त्या दिवशी त्याला काय झालं, कुनास ठावूक.

माझ्या मशीनपाशी ते बसले तवा दुपार कलली हुती. पहिल्यांदाच बसले. इतक्या जवळनं मी त्यांना कवा बगितलंच नव्हतं. कानामागं तेलाचा डाग हुता. बाहीचं बटन तुटलेलं, तिथं सेफ्टी पिन.

"चालवा," ते म्हनले.

मी घोडा सोडला. त्यांनी मान एका अंगाला केली, डोळे मिटले. मी चालवत ऱ्हाईले, ते ऐकत ऱ्हाईले. थांबवा म्हनंनात. स्वेटराची पाठ निम्मी उतरली.

"काय बिघडलंय का?" शेवटी मीच विचारलं.

"काय न्हाई," ते म्हनले. "नुसतं ऐकतोय. असं चांगलं मशीन ऐकाया मिळत न्हाई मला. मी जाईन तिथं मशीनं केकाटतच असत्यात."

त्यांनी मशीन थांबवलं, दांडा सोडला, डोळा उजेडात धरला. आतनं नख फिरवलं. परत फिरवलं.

"ह्याला खाच न्हाई," ते म्हनले.

"मी पडू दिली न्हाई."

"चकती ठेवता?"

"रोज. तुमीच सांगितलं हुतं की."

"मी लई जनींना सांगितलं, बाई." ते माझ्याकडं बगत ऱ्हाईले. मंग उठून रुचाताईकडं गेले. "ताई, ह्यांचा डोळा काढायची गरज न्हाई. अजून लई वर्सं जाईल. ह्यो एक जुना ठेवला तर चालंल का?"

रुचाताईनं इचार केला. "चालेल की. पण मग याला काही झालं तर तुम्हालाच यावं लागेल, काका."

"येईन की," ते म्हनले. एवढ्या घाईनं म्हनले की बनुबाईनं मला मागनं चिमटा काढला.

काकासाहेब माझ्यापाशी आले. "तुमी सांगा. मशीन तुमचं. ठेवू का काढू?"

"ठेवा म्हन," बनुबाई कानात कुजबुजली. "म्हन की, भवाने!"

आता तुमाला वाटंल, ह्याच्यात इचार करन्यासारखं काय हाय. एक "ठेवा" म्हनलं की झालं, जुना डोळा ऱ्हाईला, फिटर ऱ्हाईला. मला बी एक क्षनभर तसंच वाटलं. पन मंग माझ्या डोक्यात उजेड पडला. ठेवून हुनार काय? मी चकती चुकवनार हाय का? न्हाई. डोळा झिजनार हाय का? न्हाई. म्हंजे ते येनार हायेत का? मी रोज पुसत बसनार, रोज वाट बगनार, आन् जितकं चांगलं ठेवीन तितकं ते लांब. त्यांच्या सांगन्यापायी ह्यो डोळा जपला आन् ह्या डोळ्यापायीच ते माझ्याकडं कवा थांबले न्हाईत. असला आधार काय कामाचा? चुलीत घाला.

"काढा," मी म्हनलं.

त्यांना वाटलं ऐकन्यात चूक झाली. "काढू?"

"काढा म्हनलं ना. सगळ्यांचं तेच माझं. माझं येगळं काय नको."

त्यांचं तोंड उतरलं. खोटं न्हाई सांगत, दिसन्यासारखं उतरलं. त्यांनी नवा दांडा बसवला. मंग रीतसर आमाला शिकवाया लागले, खटका कसा दाबायचा, डोळा कसा काढायचा. बनुबाईनं मुद्दाम येड्यावानी केलं, उलटा घाल, वाकडा घाल, आन् वर माझ्याकडं बगून डोळे मोठे करती, की तू बी असंच कर. मला कुठलं जमायला. हातात काम आलं की माझा हात खोटं बोलत न्हाई. पहिल्या फटक्यात टक्कन बसवला.

"जमलं की तुमाला," काकासाहेब हळूच म्हनले.

"जमनारच," मी म्हनलं. जिभंला काय झालं हुतं, कुनास ठावूक.

त्यांनी माझा जुना डोळा कागदाच्या तुकड्यात गुंडाळला. "हा मी नेऊ का?"

"न्या. भंगारच हाय."

त्यांनी तो खिशात ठेवला, हत्यारं पिशवीत भरली, सगळ्यांना रामराम केला आन् स्टँडकडं चालाया लागले. मी मशीन चालू केलं. नवा डोळा झकास चालत हुता. काय म्हनून आवाज न्हाई. मला ते सहन होईना.

बनुबाईनं मशीनखालचं गाठोडं वढलं. "अग ही भाकर! जा, नेऊन दे. थांब, थांब, स्टीलच्या डब्यात घाल. डबा परत द्यायला तरी यावंच लागंल त्याला."

अक्कल बगा बाईची. वाईट न्हाई, चांगलीच अक्कल. एरवी मी तिचा मुका घेतला असता. पन माझं डोकं त्या दिवशी तापलेलं.

"डब्यापायी येनारा मला नको," मी म्हनलं. "डोळ्यापायी येनारा नको आन् डब्यापायी बी नको."

"मंग कशापायी येनारा पायजे?"

मी भाकरी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, उसळ केळीच्या पानात बांधली आन् निघाले. रुचाताई हाक मारत ऱ्हाईली. बाजारातनं पळायचं म्हंजे काय सोपं हाय? इकडं टोमॅटोचे क्रेट, तिकडं सुकट-बोंबलाच्या पाट्या, वळखीच्या बाया "कुठं ग, कुठं?" म्हनून इचारनार. मी कुठं थांबले न्हाई. अकोल्याची गाडी लागलेली. काकासाहेब खिडकीशी बसलेले.

मला बगून ते उठायलाच लागले. "बाई? काय झालं? डोळा निसटला का?"

"काय निसटलं न्हाई. बसा." मी पुडकं खिडकीतनं आत दिलं. "भाकर हाय. रीतीची. दुपारी ऱ्हाईली."

त्यांनी पुडकं दोन्ही हातांनी धरलं, मांडीवर ठेवलं. "नागलीची?"

"व्हय. कागदातच बांधलीया. परत काय द्यायचं न्हाई."

"बरं," ते म्हनले.

मंग मी तिथंच, खिडकीचा गज धरून उभी. कंडक्टर चढला, मागचं दार लावलं. आता न्हाई बोललं तर जल्मात न्हाई.

"काकासाहेब, तुमी येत जा."

"आता काय बिघडनार न्हाई, बाई," ते समजावून सांगाया लागले. "लई चांगले डोळे हायेत ते. आन् झिजले तरी तुमाला जमतंय."

"मला काय करायचंय त्या डोळ्यांचं! बिघाड नसला तरी या."

"मंग कशाला?"

असा राग आला म्हनता मला. "कशाला काय इचारता! मला तुमची याद येती म्हनून! तुमी गेला की त्या शेडमधी मला करमत न्हाई म्हनून! आजवर तुमी बनुबाईपाशी बसला आन् मी तुमची पाठ बगत बसले म्हनून! झालं समाधान?"

बोंबीलवाली तराजू धरून तशीच थांबली. गाडीतली मानसं एका बाजूला वाकली. वाकू दे. काकासाहेबांनी माझ्याकडं बगितलं, पुडक्याकडं बगितलं, परत माझ्याकडं.

"बाई," ते म्हनले. "मला आजवर बिघाडाबिगर कुनी बोलावलंच न्हाई. पोरगा बी फोन करतो ते मिक्सर बंद पडला म्हनून. असं नुसतं यायचं म्हंजे... येऊन करायचं काय असतं, मला खरंच म्हाईत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मला रडू आलं, भर बाजारात.

"काय करायचं नसतं," मी म्हनलं. "हात हलवत यायचं आन् बसायचं. मी बोलीन, तुमी ऐका."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीनं हिसका घेतला आन् त्यांची मान हलली. ती त्यांनी हलवली का गाडीनं, देवाला म्हाईत. मी व्हय धरलंय.

त्याला आता बरेच बाजार झाले. मशीनं चारी बेस चालत्यात, बनुबाई डोळे बदलून बदलून फळीवरचा डबा रिकामा करत आली. बाजाराच्या दिवशी मी दोन भाकरी जास्त थापते, आन् अकोल्याची गाडी यायची येळ झाली की माझा घोडा आपोआप थांबतो. मी दारात जाऊन उभी ऱ्हाते. उतरनाऱ्यातली सगळी टकलं मी बगून झालीत.

"न्हाई यायचा तो," बनुबाई म्हनती.

"गप बस ग," मी म्हनते. "त्यांना बिनकामाचं यायची सवय न्हाई. येळ लागनारच."